पेशी : दोन-तीन

कोकिळाला पहिला मुतखडा झाला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती आणि चोपडा-अमळनेर गाडीवर होती.

कोकिळा माझी पाठची बहीण. एसटीत कंडक्टर. गाडी तापीच्या पुलावर आली आणि तिच्या डाव्या कुशीतून कळ निघाली. वरचा दांडा धरून ती उभी राहिली, घामानं निथळली, पण तिकिटं देणं थांबवलं नाही. पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं विचारलं, "दिवस गेले का वं माय?" कोकिळा म्हणाली, "दिवस नाही, जीव चाललाय." ही गोष्ट ती पुढे आयुष्यभर हसत सांगायची. मला मात्र त्या संध्याकाळचा तिचा चेहरा आठवतो. अंगणातून आत आली ती भिंत धरून.

खडा का झाला हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ती पहाटे पाचला अर्धा कप चहा घेऊन निघायची आणि संध्याकाळपर्यंत दोन घोट पाण्यावर राहायची. मे महिन्यातसुद्धा. पन्नास माणसं बसलेली गाडी थांबवून, सगळ्यांच्या देखत उतरून जायचं तिला जमलं नाही. तिच्याबरोबरच्या सगळ्याच बाया असं करायच्या. "प्यायचंच नाही, म्हणजे जायचं नाही," इतका सोपा हिशेब. मी तिला कुळथाचं कढण करून द्यायची, ती ते औषध म्हणून नाक मुरडत प्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी गावातल्या एका छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. एकोणचाळीस वर्षं लोकांची लघवी मायक्रोस्कोपखाली पाहिली. कोकिळा म्हणायची, "एक बहीण प्यायचं नाही म्हणून खडे करते, दुसरी ते बघून पोट भरते. आईनं काय खाल्लं होतं गं आपल्या वेळी?"

पहिल्यानंतर दुसरा खडा झाला, मग तिसरा. चौथा काहीच न बोलता डाव्या मूत्रपिंडाच्या तोंडाशी बसून राहिला. कळ नाही, ताप नाही. कळलं तेव्हा ते मूत्रपिंड फुग्यासारखं पातळ झालं होतं. काढून टाकावं लागलं. कोकिळा तेव्हा बावन्न वर्षांची होती. उरलेल्या एकावर तिनं नोकरी पुरी केली आणि निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आली. तिचा नवरा लग्नानंतर सहाव्याच वर्षी गेलेला, माझे यजमान अलीकडे गेले. घरात आम्ही दोघीच.

मोज्याचं इंजेक्शन आलं ते त्यानंतर.

आमच्या डॉक्टर नसीमा तडवी. मूळच्या यावलच्या. मूत्रपिंडाचं मोठं शिक्षण घेऊन परत इकडेच आल्या. त्यांनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं होतं. सांगायची त्यांची हौस अशी, की बाहेर रांग लागली तरी यांचं चालूच.

"मावशी, खडा म्हणजे आधी दगड नसतोच. धुळीएवढा कण असतो. असे कण तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या मूत्रपिंडात रोज होतात. बारीक नळ्यांतून वाहून जायला त्यांना काही मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात कणाचा दगड होत नाही. तो कुठंतरी अडकला तरच वाढतो. तेव्हा कण का झाला हे विचारू नका. त्याला धरून कुणी ठेवलं, ते विचारा."

"कुणी?" कोकिळानं विचारलं.

"आपल्याच पेशींनी."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. मूत्रपिंडातल्या नळ्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. पेशी धड असतील तर अस्तर गुळगुळीत. कण येतो, घसरतो, निघून जातो. पण शरीर पाण्याविना सुकलं, उन्हात तापलं की या पेशींना इजा होते. इजा झालेली पेशी आपल्या पाठीवर काही प्रथिनं वर काढते. एरवी ती आत असतात, किंवा अगदी थोडी असतात. ऍनेक्सिन, ऑस्टिओपॉन्टिन अशी त्यांची नावं. नसीमाताई त्यांना सरळ हात म्हणायच्या. या हातांना चुन्याचे क्षार आवडतात. कण जवळून गेला की हात त्याला पकडतात. एक कण धरला की त्यावर दुसरा बसतो, आणि वर्षभरात त्याची तूरडाळ होते.

नवं औषध म्हणजे एक बारीकसं प्रथिन. त्याचा चेहरामोहरा त्या कणासारखा, पण त्यावर पुढं काही चढत नाही. महिन्याला एक इंजेक्शन घ्यायचं. ते पेशींच्या सगळ्या हातांवर जाऊन बसतं. हात भरलेले असले की खरा कण कशाला धरणार? लोकांनी त्याला लगेच नाव दिलं, मोजा.

"मोजा घातल्यावर पाणी प्यायलाच पाहिजे का?" कोकिळानं विचारलं.

"तीन लिटर. ते तर पाहिजेच."

कोकिळानं मान हलवली. चौतीस वर्षं प्रवाशांच्या सूचना ऐकताना हलवली तशीच.

ती घ्यायला तयार नव्हती खरं तर. मीच मागं लागले. एकच मूत्रपिंड उरलंय, जपायला नको का, म्हणून.

त्यानंतरची चार वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली. खडा नाही, कळ नाही. न्हाणीघरात भिंतीवर तपासपेटी बसवली होती, तशी आता घरोघरी असते. ती पेटी रोज सकाळी लघवीचे चार थेंब घ्यायची, आत फोटो काढून आपणच वाचायची आणि हिरवा दिवा लावायची. फोनवर बाईचा गोड आवाज यायचा, "कण मोकळे आहेत. चिकटलेले नाहीत. आपला दिवस चांगला जावो." कोकिळा उलट उत्तर द्यायची, "तुझाही जावो, माय."

आणि ती फिरायला लागली. ज्येष्ठांचा पास, खिडकीजवळची पुढची सीट. शहादा, धडगाव, सापुतारा, कुठं कुठं. मी म्हटलं, इतकी वर्षं गाडीतच घालवलीस, अजून हौस फिटली नाही का? ती म्हणाली, "मी रस्त्याकडे पाठ करून उभी होते वं ताई. चौतीस वर्षं माणसांची तोंडं पाहिली. रस्ता कुठं पाहिला?" आठ-आठ तासांचा प्रवास दोन घोटांवर. आता भीती कसली? मोजा होता.

ती एकटी नव्हती. आमच्याकडे केळीची गोदामं आहेत. तिथं घड धुणाऱ्या, भरणाऱ्या बाया, टँकरवाले, वीटभट्टीवाले, सगळ्यांनी मोजा घेतला. एका गोदामाच्या मुकादमाला मी स्वतः ऐकलं, "इंजेक्शन झालं ना? मग सारखं पाणी कशाला?" औषधाची परीक्षा झाली तेव्हा त्यातली माणसं मोजून तीन लिटर पाणी पीत होती. इकडे लोकांनी ते पाणी न पिण्याची सवलत म्हणून घेतलं. हे कुणी मुद्दाम केलं नाही. होत गेलं.

चौथ्या वर्षीचा मे. सेहेचाळीस अंश. कोकिळा सापुताऱ्याहून आली आणि ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना मध्येच बसली. घोट्यांवर सूज. बोट दाबलं की खळगा राहत होता.

"गाडीत पाय लोंबकळत होते," ती म्हणाली.

"चार वर्षं लोंबकळतायत. आजच कशी सूज?"

"तू ना, लॅब बंद झाली तरी लॅबच आहेस."

दुसऱ्या दिवशी पेटीनं नेहमीसारखा हिरवा दिवा लावला. माझं मन मानेना. आमची लॅब बंद झाली तेव्हा मालकांनी मला माझा जुना मायक्रोस्कोप देऊन टाकला होता. खाली आरसा असलेला, उन्हावर चालणारा. तो मी माळ्यावरून काढला, पुसला, खिडकीत ठेवला. कोकिळाला म्हटलं, सकाळचं थोडं बाटलीत दे.

"अगं बाई! सत्त्याहत्तरीला पुन्हा तेच डोहाळे?"

"दे म्हटलं ना."

काचेच्या निमुळत्या भांड्यात मी ते तासभर ठेवलं, वरचं ओतून दिलं, तळाचा थेंब काचेवर घेतला. डोळा लावला. कणांचं म्हणाल तर स्वच्छ. दोन-चार ऑक्झलेटचे, पाकिटासारख्या चौकोनाचे, एकटे-एकटे तरंगत होते. पेटी खोटं बोलत नव्हती.

पण पेशी होत्या. खालच्या वाटेतून गळणाऱ्या, पापडासारख्या चपट्या पेशी मला पाठ आहेत. त्या या नव्हत्या. या लहान, गोल, मधे मोठं केंद्रक असलेल्या. नळ्यांच्या अस्तरातल्या. एखादी दिसली तरी टेक्निशियननं थांबून पाहायला पाहिजे अशा. इथं तर त्या थव्यानं होत्या. मी काच सरकवत राहिले आणि त्या संपेनात.

फोन भिंगाला लावून मी त्या काचेचा फोटो काढला.

नसीमाताईंनी तो फोटो पाहिला, मग आपल्या दवाखान्यात पुन्हा काच करून पाहिली. रक्त तपासलं. कोकिळाच्या उरलेल्या मूत्रपिंडाची ताकद गेल्या वर्षी छप्पन टक्के होती. आता अडतीस.

"पंधराच्या खाली गेली की आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "या वेगानं गेलं तर सव्वा-दीड वर्ष."

कोकिळा खिडकीबाहेर बघत होती.

याचं कारण त्या दिवशी पूर्ण कळलं नव्हतं, पण नसीमाताईंना अंदाज आला होता आणि पुढं तो खरा ठरला. इजा झालेली पेशी हात वर काढते ते कण धरायला नव्हे. नळीच्या अस्तरातली एखादी पेशी मरून पडली की तिथं भोक पडतं. शेजारच्या पेशी मग सरपटत जाऊन ते बुजवतात. सरपटायचं तर खालची जमीन धरावी लागते, एकमेकींना धरावं लागतं. त्याच हातांनी. कण त्या हातांत सापडतो तो केवळ वाटेत आला म्हणून. आम्ही हातांवर मोजे चढवले, कण सुटले, पण पेशींची एकमेकींवरची पकडही सुटली. पाणी पिणाऱ्याला फारशी इजाच होत नाही, त्याचं चालून जातं. रोज सुकणाऱ्याची जखम रोज होते आणि भरत नाही. जिवंत पेशी सुटून वाहून जातात.

"पण पेटीला हे कसं दिसलं नाही?" मी विचारलं.

नसीमाताईंनी कोकिळाच्या पेटीची चार वर्षांची नोंद पडद्यावर काढली. कणांच्या रकान्यात रोज वेगळे आकडे. पेशींच्या रकान्यात रोज एकच. दोन-तीन. दोन-तीन. दोन-तीन.

"या पेट्या शिकल्या कशावरून?" त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "लाखो जुन्या काचांचे फोटो आणि त्यांच्यावरचे टेक्निशियनचे रिपोर्ट. रिपोर्टमध्ये पेशी नेहमी दोन-तीनच. त्या धरून चालल्या, तिथं बघण्यासारखं काही नसतं."

कुठलीही लॅब घ्या, कुठलंही गाव. सकाळी साठ बाटल्या, दोन माणसं. पू, रक्त, कण, साखर यांना आम्ही पाहायचो, कारण डॉक्टर तेच विचारायचे. पेशींच्या ओळीत पेन आपोआप चालायचा. मला माझ्या गुरूनं शिकवलं, मी माझ्या हाताखालच्या मुलींना शिकवलं. "काही दिसलं नाही तर दोन-तीन लिही. शून्य लिहिलंस तर पाहिलंच नाही असं वाटतं."

"ते दोन-तीन माझे आहेत," मी म्हणाले.

"एकट्या तुमचे नाहीत, मावशी."

"पण माझेही आहेत."

इंजेक्शनची पुढची तारीख दहा दिवसांवर होती. नसीमाताईंनी सांगितलं, बंद करून बघावं असं माझं मत, पण तसं लिहून द्यायला पुरावा अजून हातात नाही, ठरवायचं तुम्ही. बंद केलं तर हात परत मोकळे होतील. जखमा भरायला लागतील, कदाचित. आणि खडे परत धरले जातील, नक्की. एका मूत्रपिंडात खडा अडकला तर काय, हेही त्यांनी लपवलं नाही.

घरी आलो. चप्पल काढता काढता कोकिळा म्हणाली, "मी इंजेक्शन घेणार."

"कोकी, अडतीस झालंय."

"दीड वर्ष आहे ना? ते मला फिरू दे. तुला ती कळ माहीत नाही, ताई. तू रिपोर्ट लिहिलेत. मी लोळले आहे. परत ती कळ, परत ते तीन लिटर पाणी, परत घरात बसणं. त्यापेक्षा मशीन बरं."

"मशीनला जोडल्यावर कुठं फिरशील?"

"तेव्हाचं तेव्हा."

नऊ दिवस आम्ही एकमेकींशी भाजी-आमटीपुरतं बोललो. घरात दोनच माणसं असली की अबोला फार जागा घेतो.

दहाव्या दिवशी दुपारी ती साडी बदलून, केस बांधून दवाखान्यात जायला निघाली. मी दाराशी गेले. मला तिला अडवायचं नव्हतं. पण एक गोष्ट पोटात ठेवून तिला जाऊ द्यायचं माझ्यानं झालं नाही.

"पाच मिनिटं बस. एक सांगायचंय."

ती बसली, पिशवी मांडीवर.

"तुझं डावं काढलं त्याच्या दोन वर्षं आधी तू लॅबमध्ये बाटली दिली होतीस. कामावर आरोग्य तपासणी होती, रिपोर्ट लगेच पाहिजे होता. आठवतं?"

"शिरपूर गाडी लागली होती. मी खिडकीतून ओरडत होते, ताई, लवकर लिही."

"मी काच केलीच नाही, कोकी. रंग पाहिला, पट्टी बुडवली, आणि बाकीचं लिहून टाकलं. कण नाहीत. पेशी दोन-तीन. मला वाटलं, आपली कोकीच तर आहे, हिचं काय बघायचं. खाली सही केली. डाव्या बाजूला तेव्हा काय चाललं होतं ते कदाचित दिसलं असतं. कदाचित नसतंही दिसलं. पण मी पाहिलं नाही."

कोकिळा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"वीस वर्षं झाली या गोष्टीला," ती म्हणाली.

"हाव."

"आणि आज सांगून राहिली."

"आज तू परत न बघता निघालीस म्हणून."

बोटाचा बंद सोडवत ती म्हणाली, "घाई मीच केली होती."

"घाई तुझी होती. डोळा माझा होता."

"या वेळी पाहिलंस?"

"पाहिलं."

"किती होत्या?"

"मोजता आल्या नाहीत."

तिनं पिशवी खाली ठेवली. "औषध सोडलं तर भरेल?"

"गेलेलं नाही येणार. आहे तेवढं राहील, असं वाटतं."

"आणि कळ?"

"येईल, कोकी."

"नाही येणार म्हणाली असतीस, तर उठून गेले असते," ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसलं. "जा, पाणी आण. मोठ्या तांब्यात आण. लगेच सुरू करू, नाहीतर मन फिरेल माझं."

पाण्याचं वेळापत्रक तिनं स्वतः केलं, एसटीचं असतं तसंच. सहा दहा, सात वीस, साडेआठ. प्रत्येक पेल्याला थांब्याचं नाव. मी चुकून उशिरा पाणी दिलं की म्हणायची, "हातेड गेलं निघून, आता डायरेक्ट गलंगीला." पहिले पंधरा दिवस तिला उलट्या झाल्या. जन्मभर न प्यालेल्या माणसाला पाणी जड जातं, हे मलाही तेव्हाच कळलं.

दर सोमवारी मी काच करत होते. पूर्ण काच, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि प्रत्येक पेशी मोजत होते. जूनमध्ये दोनशेच्या वर. जुलैअखेर नव्वद. पोळ्याच्या आठवड्यात चाळीस. आणि त्याच आठवड्यात एका काचेत मला एक पेशी दिसली, तिच्या पाठीवर ऑक्झलेटचा कण घट्ट बसलेला. मी काच हलवली, पेशी फिरली, कण तिच्याबरोबर फिरला. सुटला नाही.

आयुष्यभर जे दिसलं की मी लाल शाईनं खूण करायची, ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कोकिळा धावत आली.

"काय झालं? वाईट आहे?"

"धरलंय तिनं, कोकी. हात आलेत."

"म्हणजे खडा होणार."

"हाव."

"आणि तू आनंदानं रडून राहिली. देवानं बहीण द्यावी तर अशी," असं म्हणून ती माझ्या शेजारी बसली आणि आळीपाळीनं आम्ही त्या एका पेशीकडे बराच वेळ पाहत राहिलो.

खडा झालाच. दिवाळीच्या आधी, सकाळी दहाच्या सुमाराला कळ निघाली. ती ओरडली, शिव्या दिल्या, मला, नसीमाताईंना, औषध शोधणाऱ्याला. दुपारी तीनला साडेतीन मिलिमीटरचा खडा पडला. संध्याकाळी ती वरण-भात मागून जेवली. मूत्रपिंडाची ताकद सदतीसवर आली होती ती तिथंच थांबली. जानेवारीत एकोणचाळीस.

नसीमाताईंनी आमच्या भागातल्या रुग्णांचे कागद वर पाठवले. मोजा उन्हाच्या प्रदेशात थांबवला गेला. पेट्यांना पुन्हा शिकवायचं ठरलं, त्यासाठी जुन्या काचांच्या फोटोंतल्या पेशी मोजायला निवृत्त टेक्निशियन बोलावले. आमच्या जिल्ह्यातून आम्ही सात म्हाताऱ्या जातो. कुणी "दोन-तीन" लिहिलं तर बाकीच्या सहाजणी वळून बघतात.

एक गोष्ट तेवढी राहिली होती. कोकिळा गाडीत बसत नव्हती. औषध सोडल्यापासून ती गावाबाहेर गेली नव्हती. नसीमाताईंनी सांगितलं, पाणी पीत राहा आणि खुशाल फिरा. ती म्हणायची, थंडी जाऊ दे. थंडी गेली तर म्हणायची, गुडघा धरलाय. मी समजले. पाणी प्यायचं म्हणजे उतरायचं. इंजेक्शन सोडायची हिंमत एका दुपारीत झाली होती. ही होत नव्हती.

मार्चमध्ये मी दोन तिकिटं काढली, शहाद्याची, आणि तिला स्टँडवर उभी केली. विजेवरची नवी गाडी, आवाज नाही. कंडक्टर पंचविशीतली मुलगी होती. गाडी भरलेली, दांड्याला धरून माणसं उभी. मी पिशवीतून बाटली काढली. कोकिळानं वेळ पाहिली आणि वेळापत्रकाप्रमाणे प्यायली, एक पेला गलंगीला, एक शिरपूरला. शिरपूर सुटून अर्धा तास झाला आणि तिनं पाय आवळून घेतले.

"थांबवायला सांगू?" मी विचारलं.

"नको. लोक बघतात."

"बघू देत."

"गप बस ना वं ताई."

दहा मिनिटं ती पुढच्या सीटचा दांडा धरून बसली. रस्ता समोर होता, तिची आवडती सीट होती, पण ती काही बघत नव्हती. मी तिचं उरलेलं मूत्रपिंड, त्यातल्या नव्यानं भरत आलेल्या जागा मनात आणत होते आणि तोंड बंद ठेवून बसले होते. हे मी तिच्यासाठी करू शकत नव्हते.

मग ती उठली.

"पोरी, गाडी थांबव. मला जायचंय."

मुलीनं घड्याळ पाहिलं. "मावशी, शहादा वीस मिनिटांवर आहे. निघतील ना वीस मिनिटं?"

"मी चौतीस वर्षं काढली," कोकिळा म्हणाली. "तुझ्याच जागी उभी राहून. आता नाही काढत."

मुलगी वाट काढत पुढं गेली. ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, पुढच्या पंपावर घ्या."

पंप आला, गाडी थांबली, दार उघडलं. कोकिळा पायरीपर्यंत गेली आणि तिथं वळली. सगळी गाडी तिच्याकडे बघत होती. तिनं तिच्या जुन्या, शेवटच्या सीटपर्यंत पोचणाऱ्या आवाजात विचारलं, "बायांनो, अजून कुणाला उतरायचंय का?"

कुणी हललं नाही. मग मधल्या सीटवरून एक आजीबाई काठी शोधत उठल्या. त्यांच्यामागं वह्या घेतलेली एक मुलगी. मग कडेवर लेकरू असलेली एक, केळीच्या गोदामाचा गणवेश घातलेल्या दोघी. त्यांच्यामागं आणखी. मी मोजत गेले. नऊजणी झाल्या.

सगळ्यांत शेवटी कंडक्टर मुलगी पायरीवर आली आणि घुटमळली. खांद्यावरची पैशांची बॅग तिनं हातात घेतली, परत खांद्याला लावली.

"ती बॅग आण इकडं," कोकिळा म्हणाली. "आधी तू जाऊन ये. मी नंतर जाते. मला सवय आहे."

"नको मावशी, तुम्ही..."

"मग माझी ही बहीण धरेल. ही बघून मोजून ठेवते सगळं."

त्या मुलीनं बॅग माझ्या मांडीवर ठेवली, आणि दोघी उतरून त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

आमची गाडी शहाद्याला सोळा मिनिटं उशिरा पोचली.